कुणीतरी ऐकणारं हवं!

घरात माणसं आहेत, बोलणंही चालू आहे. तरी 'माझ्याशी कुणी बोलतच नाही' ही तक्रार घराघरांतून ऐकू येते. बोलण्यातून माणसाला नेमकं हवं असतं तरी काय? आणि ते मिळालं नाही, तर काय होतं?

एखाद्या चौकोनी कुटुंबात दिवसभरात बोलली जाणारी वाक्यं कुणी वहीत उतरवून काढली, तर ती साधारण अशी निघतील : 'डबा घेतलास का?', 'लाइटचं बिल भरलं?', 'गॅसचा नंबर लावायचाय', 'क्लासची फी कधी द्यायची?', 'अभ्यास झाला?', 'टीव्हीचा आवाज कमी कर.' यातलं एकही वाक्य वायफळ नाही. या वाक्यांवाचून घर चालणारच नाही. तरीही त्याच घरातल्या आजी शेजारणीला सांगतात, 'दिवसभर तोंड उघडायला कुणी नाही हो.' त्याच घरातली सून माहेरी फोन करून म्हणते, 'इथं माझं ऐकतंय कोण?' आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला 'काय रे, काय झालं?' असं विचारलं, तर तो 'काही नाही' एवढंच म्हणून पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो.

घर चालवण्यापुरतं बोलणं आणि घरातल्या माणसांना एकमेकांजवळ आणणारं बोलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं बोलणं आपोआप होतं, कारण त्यावाचून अडतं. दुसऱ्यावाचूनही अडतं, पण ते लगेच दिसत नाही. कधीकधी वर्षं जातात, आणि मग एके दिवशी कळतं की एकाच छपराखाली राहणारी माणसं एकमेकांना अनोळखी झाली आहेत.

'जाते' नव्हे, 'येते'!

मराठी घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. चुकून 'जाते' तोंडून निघालंच, तर घरातलं वडीलधारं माणूस तिथल्या तिथं दुरुस्त करतं, 'जाते नाही म्हणू, येते म्हण.' शब्दाचा अर्थ धरून बसलं, तर हे चूकच. निघालेलं माणूस जातच असतं. पण त्या एका शब्दात 'आपलं नातं इथं संपत नाही' हा निरोप असतो. रस्त्यात भेटलेले ओळखीचे गृहस्थ विचारतात, 'काय, बाजारात का?' हातातली भाजीची पिशवी त्यांना दिसत असते. माहिती त्यांना नकोच असते. 'मी तुम्हाला पाहिलं, ओळखलं,' एवढंच त्यांना कळवायचं असतं.

अशा बोलण्याची शास्त्रीय दखल ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली घेतली. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर त्यांनी दीर्घकाळ राहून तिथल्या लोकांचं जीवन अभ्यासलं होतं. हवापाणी, तब्येत, कुठून आलात, कुठे निघालात, असलं बोलणं माहिती देण्याघेण्यासाठी होत नसून माणसं एकमेकांशी बांधली जावीत म्हणून होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या मते ही फक्त त्या बेटांवरची रीत नव्हती. ती साऱ्या मनुष्यजातीची होती.

'जेवलात का?' हा आपल्याकडचा प्रश्न याच जातीचा. तो विचारणाऱ्याला समोरच्याच्या ताटात काय होतं, याच्याशी काही देणंघेणं नसतं. 'तुमचं पोट भरलं का, याची मला काळजी आहे,' हा त्यातला खरा मजकूर. म्हणूनच हा प्रश्न कुणीच विचारला नाही, तर माणूस उपाशी राहत नाही. पण त्याला चुकल्याचुकल्यासारखं मात्र होतं.

तान्ह्या बाळालाही प्रतिसाद हवा

ही गरज किती मुळातली आहे, हे तान्ह्या मुलांकडे पाहिलं की कळतं. मूळचे व्हिएन्नाचे मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी १९४५ साली दोन संस्थांमधल्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. एक होता अनाथ बाळांचा आश्रम. तिथं स्वच्छता चोख होती, दूध-आहार नीट होता, औषधपाणी होतं. पण एकेका परिचारिकेकडे आठ-आठ बाळं असल्याने कुणाला कडेवर घेऊन बोलायला, हसवायला वेळ नव्हता. दुसरी संस्था होती स्त्रियांच्या तुरुंगातलं पाळणाघर. तिथं बंदी असलेल्या आयांना स्वतःच्या बाळांना सांभाळण्याची मुभा होती. तुरुंगातली बाळं धडधाकट वाढली. आश्रमातली बाळं मात्र वाढीत मागे पडत गेली, वारंवार आजारी पडली आणि दोन वर्षांच्या आत त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक दगावली.

स्पिट्झ यांच्या अभ्यासपद्धतीवर पुढे टीका झाली. पण मूल नुसत्या दुधावर वाढत नाही, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष नंतरच्या अभ्यासांनी, विशेषतः रुमानियातल्या अनाथाश्रमांतल्या मुलांच्या पाहणीने, पक्का केला.

१९७८ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आई बाळाशी नेहमीसारखी बोलते, हसते, खेळते. मग काही मिनिटं ती बाळाकडे पाहत राहते, पण चेहरा कोरा ठेवते. हसत नाही, बोलत नाही. बाळाला हा बदल लगेच जाणवतो. ते आधी हसून पाहतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या युक्त्या ते आईवर करून पाहतं. काहीच उपयोग होत नाही, असं दिसल्यावर ते मान फिरवतं, कसंनुसं होतं, रडू लागतं. आई समोरच असते, कुठे गेलेली नसते. तिचा प्रतिसाद तेवढा गेलेला असतो.

मोबाइलच्या पडद्यावर नजर ठेवून 'हं, हं, बोल ना, ऐकतेय मी' म्हणणारी आई किंवा बाबा, आणि समोर उभं राहून शाळेतली गंमत सांगणारं पोर! दोन-तीनदा प्रयत्न करून ते पोर खोलीत निघून जातं. पुढे पंधराव्या वर्षी ते 'काही नाही' म्हणतं, तेव्हा मोठ्यांना वाटतं, मुलगा अचानक अबोल झाला.

जात्यापाशी सांगितलेलं

आपल्या पूर्वीच्या बायकांना तर ऐकणारं माणूस मिळणं फार कठीण होतं. सासरी मोठ्याने बोलायची चोरी, नवऱ्याशी चारचौघांत बोलायची सोय नाही, माहेर दूर. पण पहाटे जात्यावर बसलं की गळा मोकळा व्हायचा. दळताना बहुधा दोघी समोरासमोर असत. एकीने ओवी म्हणावी, दुसरीने तिला जोड द्यावी. भावाची वाट, आईची आठवण, सासूचा बोल, नवऱ्याचा राग, लेकीचं कौतुक, विठ्ठलाकडची तक्रार, सगळं त्या ओव्यांत येत असे. उघड बोलायला जे जड, ते गाण्यातून सांगायला मोकळीक होती.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून बायकांच्या तोंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. आज हा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहात सर्वांसाठी खुला आहे. साध्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना सांगण्यासारखं किती होतं, याचा हा पुरावाच आहे.

पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांवरचं मोठं ओझं उतरलं. ते उतरायलाच हवं होतं. नळ आले, पाणवठ्याच्या खेपा कमी झाल्या. चाळी गेल्या, स्वतंत्र ब्लॉक आले, स्वयंपाकघराला दार आलं. ही सगळी सोय हवीहवीशीच आहे. मात्र जात्याबरोबर, पाणवठ्याबरोबर आणि चाळीच्या गॅलरीबरोबर बोलायच्या ठरलेल्या जागा आणि ठरलेल्या वेळाही गेल्या. तिथं कुणाला 'आज आपण संवाद साधू या' असं ठरवावं लागत नव्हतं; काम करता करता तो होत होता. आता तो मुद्दाम करावा लागतो. नोकरीसाठी इंदूर, बडोदा, बंगळूर, दिल्ली असं दूर गेलेल्या कुटुंबांना तर हे अधिकच जाणवतं. तिथं मराठीत 'काय गं, कशी आहेस?' म्हणणारं कुणी भेटलं, तरी तेवढ्याने दिवस बरा जातो.

प्रत्येकाला हव्या असतात तीन गोष्टी

माणसाला माणसाकडून काय हवं असतं? विल्यम शुट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली या प्रश्नाचं एक सुटसुटीत उत्तर मांडलं. त्यांच्या मते या गरजा मुख्यतः तीन असतात. मला आपल्यात घ्या, ही पहिली. माझ्या शब्दाला वजन असू द्या, ही दुसरी. आणि माझ्यावर माया करा, ही तिसरी. आपल्या घरातल्या बऱ्याच कुरबुरी या तीन गरजांपाशी नेऊन ठेवल्या, की त्यांचा उलगडा होतो.

घरात नव्याने आलेल्या सुनेचं घ्या. सगळे जेवायला बसलेत, गप्पा रंगल्यात. 'ती नाशिकची गंमत आठवते का?' म्हणत सगळे हसतात. नाशिकच्या वेळी सून या घरात नव्हती. कुणी तिला टोचून बोललेलं नसतं, तिच्याविषयी कुणाच्या मनात काही नसतं. तरी ताट उचलून ती आत जाते. अशा वेळी सासूबाईंनी वळून, 'अगं, तुला माहीत नाही ना, ऐक, काय झालं होतं...' एवढं म्हटलं, तरी ती त्या हसण्यात सामील होते. 'आमच्यात' आणि 'आपल्यात' या दोन शब्दांत केवढं अंतर आहे, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या गरजेचं उदाहरण म्हणजे निवृत्त झालेले वडील. ऑफिसात पस्तीस वर्षं लोक त्यांना विचारून कामं करत होते. आता घरात नवा फ्रिज येतो तेव्हा तो दारात आल्यावरच त्यांना कळतं. 'तुम्हाला कशाला त्रास, बाबा!' असं मुलगा म्हणतो. त्यात प्रेमच असतं. पण बाबांना ऐकू येतं ते असं : 'तुम्हाला विचारायची आता गरज नाही.' मग ते पाण्याच्या मोटरवरून, उघड्या राहिलेल्या दिव्यावरून, वर्तमानपत्राच्या घडीवरून कटकट करू लागतात. घरच्यांना वाटतं, बाबा चिडखोर झाले. खरं पाहता ते आपल्या शब्दाला कुठे जागा उरली आहे का, ते चाचपत असतात.

दूर राहणाऱ्या मुलांच्या फोनचंही असंच. 'बरी आहेस ना? औषध घेतलं? जेवलीस?' तीन प्रश्न, तीन 'हो', आणि मग दोन्हीकडे शांतता. त्याऐवजी मुलाने किंवा मुलीने विचारून पाहावं, 'आई, आमटी बेचव झाली, काय घालू?' किंवा 'घर बदलावं म्हणतोय, तुला काय वाटतं?' आई पंधरा मिनिटं बोलते, आणि फोन ठेवल्यावर तिची संध्याकाळ बरी जाते. काळजी घेणारे प्रश्न तिला आजारी ठरवतात. सल्ला मागणारा प्रश्न तिला पुन्हा आई करतो.

तिसरी गरज मायेची. ती पतिपत्नींच्या नात्यात सगळ्यांत अधिक आणि बोलली जाते ती सगळ्यांत कमी. आपल्याकडे नवरा-बायकोने एकमेकांना गोड शब्द बोलण्याची फारशी रीत नाही. 'ती काय सांगायची गोष्ट आहे?' असा सूर असतो. पण माया सांगायचे मार्ग शब्दांवाचूनही असतात. उशीर झाला तर फोन करणं, बायकोचं डोकं दुखतंय हे तिने न सांगता ओळखणं, सगळ्यांसमोर तिच्या कामाचा उल्लेख करणं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या अडचणीची दोन दिवसांनी आठवण ठेवून चौकशी करणं. ज्याची दखल कुणी तरी घेतं, त्यालाच आपण कुणाचे तरी आहोत असं वाटतं.

छोट्या हाकेला ओ

नातं मोठ्या प्रसंगांनी जुळतं किंवा तुटतं, असा आपला समज असतो. अमेरिकेतले संशोधक जॉन गॉटमन यांनी सिएटलला नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा त्यांना वेगळंच दिसलं. रोजच्या बोलण्यात माणूस जोडीदाराला सतत लहानलहान हाका घालत असतो. 'बघ गं, केवढा पाऊस आलाय!' किंवा 'आज बसमध्ये काय झालं माहितेय?' ही अशीच हाक. तिला जोडीदार ओ देतो, दुर्लक्ष करतो किंवा खेकसतो. सहा वर्षांनंतर गॉटमन यांनी पाहिलं, तर एकत्र टिकलेल्या जोडप्यांनी अशा शंभर हाकांपैकी सरासरी ८६ हाकांना ओ दिली होती. विभक्त झालेल्यांत हे प्रमाण होतं शंभरात ३३.

यात पावसाचं महत्त्व काहीच नाही. 'हो गं, काय भरून आलंय!' म्हणायला दोन सेकंद लागतात. पण असे दोन-दोन सेकंद साठत जातात. आणि पुढे एखादा कठीण प्रसंग येतो, तेव्हा माणूस या शिलकीवरच तरून जातो.

शरीरही हिशेब ठेवतं

हे सगळं मनाचं झालं, असं म्हणून सोडून देता येत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. ज्यांचे इतरांशी घट्ट संबंध होते, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त दिसली. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेल्या आणि ७२४ पुरुषांना आयुष्यभर भेटत राहिलेल्या अभ्यासाचाही कौल हाच आहे. पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांत समाधान होतं, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि दर वर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी जोडता येतो. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमले, ते उगीच नव्हे.

गोव्यातला दवाखाना, हरारेतला बाक

ऐकून घेतल्याने खरंच बरं वाटतं का, याची परीक्षा आपल्या शेजारीच झाली आहे. गोव्यात १९९६ साली 'संगात' ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारे बरेच रुग्ण अंग दुखतं, थकवा येतो, झोप लागत नाही असं सांगतात. त्यांतल्या अनेकांचं मूळ दुखणं मनातली चिंता किंवा उदासी असतं. डॉक्टरांकडे रांग मोठी, वेळ थोडा. गोळ्या मिळतात, दुखणं राहतं.

'मानस' नावाच्या प्रयोगात संस्थेने आरोग्यसेवेचा अनुभव नसलेल्या स्थानिक स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत बसवलं. रुग्णाचं सावकाश ऐकायचं, त्याच्या दुखण्याचा आणि काळजीचा संबंध त्याला उलगडून सांगायचा, श्वासाचे साधे व्यायाम शिकवायचे, असं त्यांचं काम. ज्यांचा त्रास जास्त, त्यांच्याशी त्यांच्या आयुष्यातल्या नात्यांविषयी बोलायचं : जवळचं माणूस गेलं आहे का, घरात बेबनाव आहे का, आयुष्यात मोठा बदल झाला आहे का, एकटेपणा आहे का? २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांमध्ये ही सोय असलेल्या ठिकाणी चिंता-नैराश्याचे शंभरातले सुमारे ६६ रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४२-४३ होतं. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. तिथं डॉक्टर आणि रुग्ण यांची आधीचीच ओळख आणि बोलणं असतं, हे त्याचं एक कारण असू शकतं.

याच धर्तीचं काम पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी विदर्भ हादरलेला असताना गावातल्याच कार्यकर्त्यांना ऐकायला आणि धीर द्यायला शिकवण्यात आलं. या कामाआधी नैराश्य असलेल्या शंभर लोकांपैकी जेमतेम चार जण कुणाची मदत घेत होते. नंतर हे प्रमाण २७ झालं.

डॉ. पटेल गोव्यात येण्यापूर्वी झिंबाब्वेची राजधानी हरारे इथं काम करत होते. त्या हरारेमध्ये २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी चालवलेला उपक्रम तर मन हेलावून टाकतो. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक. बाकावर वस्तीतलीच एक आजी. मन जड झालेल्या कुणीही तिच्याशेजारी बसावं. तिथल्या भाषेत या दुखण्याला 'कुफुन्गिसिसा' म्हणतात. म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे 'विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली' म्हणतात, तेच. आजी डिग्रीवाली नसते. ती ऐकते, प्रश्न विचारते आणि समोरच्यालाच त्याच्या अडचणीतून वाट शोधायला लावते. २०१६ मध्ये ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजींशी बोललेल्यांपैकी सहा महिन्यांनंतर सुमारे १४ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती. इतरांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होतं.

ऐकावं कसं?

गोव्यातल्या त्या स्त्रियांना आणि हरारेतल्या आजींना जे शिकवलं गेलं, त्यातलं बरंचसं कुठल्याही घरात करता येण्यासारखं आहे.

सल्ला थोडा मागे ठेवावा. कुणी रडवेलं होऊन काही सांगू लागलं, की आपल्या तोंडून लगेच निघतं, 'तू असं कर ना' किंवा 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं!' हेतू चांगला असतो. पण सांगणाऱ्याचं सांगणं तिथं थांबतं. त्याऐवजी 'मग काय झालं?' हे तीन शब्द पुष्कळ काम करतात. 'तुला नुसतं सांगायचंय, की काही सुचवू?' असं सरळ विचारलं तरी चालतं.

आपलं पुराण मध्येच सुरू करू नये. 'अगं, हे तर काहीच नाही, माझ्या वेळी तर...' हे वाक्य सांत्वनासाठी येतं आणि समोरच्याचं दुःख लहान करून जातं.

ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगावं. 'म्हणजे सगळ्यांसमोर बोलल्याचं तुला जास्त लागलं, असंच ना?' अंदाज चुकला तर समोरचा दुरुस्त करतो, बरोबर आला तर त्याला सुटल्यासारखं वाटतं. दोन्हींत फायदाच.

वेळ ठरवावी. रात्रीच्या जेवणाची वीस मिनिटं टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवणं अवघड वाटतं, पण अशक्य नाही. किशोरवयीन मुलं समोरासमोर बसवून विचारलं, तर गप्प होतात. तीच स्कूटरवर मागे बसली की किंवा शेंगा सोलता सोलता भरभरून बोलतात. जात्यावरच्या बायकांना हे गुपित ठाऊक होतंच!

आणखी एक गोष्ट. बहुतेक घरांत ऐकण्याचं काम एकट्या आईवर पडतं. मुलांचं ती ऐकते, नवऱ्याचं ती ऐकते, सासू-सासऱ्यांचं ती ऐकते. तिचं कोण ऐकतं, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा. पुरुषांना तर लहानपणापासून मन मोकळं न करायचंच शिक्षण मिळालेलं असतं. मुलगा रडला की 'मुलीसारखा काय रडतोस' असं म्हणणारं घर, पुढे तोच मुलगा 'मनातलं काही बोलतच नाही' म्हणून तक्रार करतं.

बोलण्याच्याही मर्यादा आहेत

संवादाने सगळंच सुटतं, असं मात्र नाही. ज्या घरात मारहाण होते, तिथं बाईला 'जरा गोडीने बोलून पाहा' असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच हातांत सोपवणं आहे. तिथं कायद्याचा आणि १८१ या महिला हेल्पलाइनचा आधार घ्यायला हवा. दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, अशी लक्षणं असतील तर घरच्यांनी ऐकावंच. पण डॉक्टरांकडेही न्यावं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. गोव्यातल्या प्रयोगाशी नाव जुळत असलं, तरी ही सेवा वेगळी आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

आणि काही वेळा बोलणं नको, नुसतं जवळ असणं हवं असतं. दुखवट्याच्या घरी जाऊन शेजारी येऊन बसतात. कुणी फारसं बोलत नाही. कुणी चहा करून आणतं, कुणी पिठलं-भात आणून ठेवतं, कुणी पाठीवरून हात फिरवतं. त्या मुकाट्याने केलेल्या सोबतीतही सारं काही सांगितलेलं असतं.

आजच्या माणसाकडे बोलायची साधनं कधी नव्हती इतकी आहेत. दिल्लीतल्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर नातवंडाचा पहिला दात दिसतो, ही लहान गोष्ट नाही. पण साधन कोणतंही असो, पलीकडे ऐकणारं माणूस लागतंच. गोव्यात आणि हरारेत ज्यांनी इतरांना दुखण्यातून बाहेर काढलं, त्यांच्यापाशी मोठी पदवी नव्हती. थोडं शिक्षण, मोकळा वेळ आणि समोरच्याचं ऐकायची तयारी एवढंच होतं. यातला वेळ आणि तयारी कुठल्याही घरात आजपासून मिळू शकते. सुरुवात करायची असेल, तर आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाला एखादा प्रश्न विचारावा, आणि त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावं.